दाराशी गेलेली माणसं

इंजिनीअरिंगला होस्टेलवर माझा एक रूममेट होता. गणितात आम्हा सगळ्यांच्या पुढे. थर्ड इयरला तो एका गुरूंच्या साधनेला जायला लागला आणि शेवटची परीक्षा संपताच त्यांच्या केंद्रातच राहायला गेला. मी त्याला व्हॉट्सॲपवर लेख पाठवायचो, व्हिडिओ पाठवायचो, मुद्देसूद वाद घालायचो. काही महिन्यांत त्याची उत्तरं बंद झाली. एवढा हुशार मुलगा असा कसा अडकला, हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. त्याच्या मागे लागून वाचत गेलो आणि जपानमधल्या ‘ओम शिनरिक्यो’ या पंथापाशी येऊन थांबलो.

२० मार्च १९९५. टोकियोमध्ये सकाळची ऑफिसची गर्दी. पंथाच्या पाच जणांनी मेट्रोच्या पाच गाड्यांमध्ये सारिन या विषारी द्रवाच्या पिशव्या छत्रीच्या टोकदार केलेल्या काडीने फोडल्या. मृतांचा आकडा १३ झाला, जखमी हजारो. अंथरुणाला खिळलेली चौदावी व्यक्ती २५ वर्षांनी, २०२० मध्ये गेली. त्या पाच जणांत एक हृदयाची ऑपरेशन्स करणारा डॉक्टर होता आणि तिघं फिजिक्स शिकलेले. म्हणजे हुशारी हे काही कवच नव्हे. माझा प्रश्नच चुकला होता.

पंथाचा प्रमुख शोको असाहारा. मूळ नाव चिझुओ मात्सुमोतो, जन्म १९५५, गरीब घरातला, जवळजवळ अंध. १९८४ मध्ये त्याने टोकियोत योगाचा छोटा वर्ग सुरू केला. पैसा आणि परीक्षा यांच्या मागे धावणाऱ्या तेव्हाच्या जपानमध्ये अनेक तरुणांना तिथे खरोखर बरं वाटलं. हे विसरून चालणार नाही. पंथात येताना कुणी ‘मी पंथात शिरतोय’ म्हणून येत नाही. पाठदुखी थांबते, मन शांत होतं, म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो.

असाहाराच्या डोक्यात काय होतं? त्याच्या बालपणात उत्तर शोधणारे पुष्कळ आहेत. पण गरिबी आणि अंधत्व लाखोंच्या वाट्याला येतं, ते काही विष बनवत नाहीत. मला त्याच्यापेक्षा पंथाच्या गुन्ह्यांची तारीखवार यादी जास्त बोलकी वाटली.

१९८८ मध्ये साधनेच्या नावाखाली केलेल्या अघोरी प्रकारात एका शिष्याचा मृत्यू झाला. धर्मसंस्था म्हणून सरकारी मान्यता मिळवायची होती, म्हणून प्रेत गुपचूप जाळून टाकलं. हे पाहिलेला एक शिष्य बाहेर पडायचं म्हणू लागला. फेब्रुवारी १९८९ मध्ये त्याला मारलं. ऑगस्टमध्ये मान्यता मिळाली. नोव्हेंबरमध्ये सुत्सुमी साकामोतो या वकिलाला बायको आणि तान्ह्या मुलासकट मारलं. साकामोतो शिष्यांच्या आईवडिलांची बाजू लढवत होता. १९९४ मध्ये पंथ सोडलेला एक फार्मासिस्ट आत अडकलेल्या बाईला सोडवायला परत आला, तो मारला गेला. फेब्रुवारी १९९५ मध्ये बहीण पंथातून पळाली म्हणून तिच्या भावाला उचललं, तो कोठडीतच मेला. त्यावरून पोलिसांची धाड पडणार अशी कुणकुण लागली आणि तपास भरकटवण्यासाठी मेट्रोत सारिन सोडलं.

यादी पुन्हा वाचा. यातला जवळजवळ प्रत्येक बळी दाराशी उभा होता. कुणी बाहेर निघालेला, कुणी दुसऱ्याला बाहेर काढणारा. १९९० मध्ये संसदेच्या निवडणुकीत पंथाचे २५ उमेदवार उभे होते, सगळे पडले. असाहारा म्हणाला, मतमोजणीत घोटाळा झाला. चूक कबूल करायची सोयच जिथे ठेवलेली नाही, तिथे सोडून जाणारा माणूस हाच सगळ्यात मोठा पुरावा ठरतो. मग तो पुरावा मिटवायचा. त्यासाठी शब्दही तयार होता: ‘पोआ’. तिबेटी बौद्ध परंपरेत मृत्यूच्या वेळच्या साधनेचं हे नाव. इथे त्याचा अर्थ झाला, मारून उद्धार करणं.

मग लोक बाहेर कसे पडले? तो डॉक्टर, इकुओ हायाशी. त्याने कोर्टात सांगितलं की गाडीतली माणसं पाहून आपण डॉक्टर आहोत हे त्याला आठवलं होतं. तरी त्याने पिशवी फोडली. पकडल्यावर मात्र त्याने सगळं कबूल केलं. त्याला जन्मठेप झाली. असाहारासकट १३ जणांना जुलै २०१८ मध्ये फाशी दिली गेली.

पण सगळेच बाहेर आले नाहीत. एवढं होऊनही बरेच शिष्य नाव बदललेल्या पंथात राहिले. आत जाताना त्यांनी घर, नोकरी, बचत, आईवडील सगळं सोडलेलं होतं. आणि बाहेर? अनेक गावांनी पंथाच्या लोकांची रहिवासी म्हणून नोंद करायला नकार दिला. असाहाराच्या मुलीला परीक्षा पास होऊनही विद्यापीठांनी प्रवेश नाकारला. लोकांचा राग समजण्यासारखा होता. पण दार दोन्ही बाजूंनी बंद झालं, हेही खरं.

माझा रूममेट गेल्या वर्षी बाहेर पडला. रात्री साडेबाराला त्याने फोन केला तो मला नाही. आमच्याच विंगमधल्या दुसऱ्या मित्राला केला, ज्याने कधी वाद घातला नव्हता. तो फक्त दर दिवाळीला मेसेज करायचा, ‘आईने फराळ ठेवलाय, ये.’ त्याच्याकडे हा दोन महिने राहिला.

भेटल्यावर मी विचारलं, नेमकं काय झालं? तर केंद्रातल्या एका मुलाचे वडील आजारी होते आणि त्याला घरी जाऊ दिलं नाही. एवढंच. मी विचारलं, “मी पाठवलेले लेख वाचले होतेस?”

“सगळे वाचले रे,” तो म्हणाला. “पण वाचून जायचं कुठे?”

तो मुलगा अजून आत आहे. माझा मित्र दर रविवारी त्याला मेसेज टाकतो. लेख नाही, लिंक नाही. ‘वडील कसे आहेत?’ एवढंच. उत्तर अजून आलेलं नाही.