बिघडलेल्या पिंपाची शिकवण

घरी बिअर करण्याचा विषय या पानांत कशास, अशी शंका काही वाचकांस येईल. ते पेय कोणी घ्यावे वा घेऊ नये, हा येथे प्रश्नच नाही. एका घरगुती कलेने आपल्या चुकांतून शास्त्रास कसे जागे केले, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. आणि रोज विरजण लावणाऱ्या गृहिणीस या कथेचा अर्धा भाग आधीच ठाऊक आहे.

बिअर ही मुळात घरातली गोष्ट. सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीच्या सुमेरी मृत्पट्टिकेवर निनकासी देवीचे स्तोत्र कोरलेले आहे. त्यात बिअरची कृतीही येते. कृती वरकरणी सोपी आहे. जवाला मोड आणून तो वाळवावयाचा, भरडून ६५ ते ६८ अंश उष्ण पाण्यात तासभर ठेवावयाचा, म्हणजे पिठाची साखर होते. तो रस हॉप्सच्या फुलांसह उकळून निववावयाचा व आंबवावयाचा. पण तो आंबतो कशाने? बव्हेरियाच्या १५१६ च्या राजाज्ञेत जव, हॉप्स आणि पाणी एवढ्यांचीच नावे आहेत; यीस्टचा उल्लेखही नाही. मागल्या पिंपातला साका पुढल्या पिंपात घालावा, एवढीच रीत. पिंप बिघडले, तर बोल दैवास!

आंबविणारे यीस्ट सजीव आहे, हे श्वान आणि कान्यार-लातूर यांनी १८३७ च्या सुमारास दाखविले. तरी मोठमोठे रसायनज्ञ ते मानीनात. १८७१ मध्ये लुई पाश्चर लंडनच्या व्हिटब्रेड कारखान्यात सूक्ष्मदर्शक घेऊन बसले आणि तेथल्या यीस्टमध्ये शिरलेले उपरे जंतू त्यांनी मालकांस दाखविले. १८७६ मध्ये त्यांचा बिअरवरील ग्रंथ निघाला. पेयास रोग होतो तो जंतूंमुळे, हा विचार पेयापाशीच थांबला नाही. पाश्चरांच्या आंबवणावरील संशोधनातूनच लिस्टर यांना जखमा निर्जंतुक राखण्याची दिशा सापडली होती. पुढे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्याची बिअरच नासू लागली. तेथील प्रयोगशाळेत हान्सेन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढविले, आणि मालक याकोबसेन यांनी ते गुपित न ठेवता इतरांसही दिले.

घरगुती कलेचा पुढला धडा अमेरिकेत घडला. १९२० मध्ये तेथे दारूबंदी आली. लोक डब्यातला माल्टचा पाक आणि पावाचे यीस्ट आणून तळघरात उद्योग करू लागले. आंबणे पुरे होण्याआधीच बाटल्या बंद होत आणि रात्री त्या धडाधड फुटत. १९३३ मध्ये बंदी उठली, पण घरच्या बिअरला संघराज्याची मोकळीक मिळाली ती १९७८ च्या कायद्याने. ब्रिटनमध्ये परवान्याची अट १९६३ मध्ये गेली होती.

नवशिक्याच्या चुका आजही त्याच आहेत. भांडे दिसावयास स्वच्छ असते, पण निर्जंतुक नसते. उकळल्यानंतर रसास स्पर्श करणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी. अधीरपणाने कढत रसात यीस्ट टाकले, तर ते मरते. रस २० अंशांच्या आसपास निवू द्यावा. बाटल्या भरण्यापूर्वी घनतामापकाचा आकडा दोन-तीन दिवस स्थिर राहावा लागतो. मगच फेसासाठी लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर. आणि प्रत्येक खेपेस तारीख, उष्णता, चव यांची नोंद. कारण नोंद नसेल, तर पुढली चूक नवी की जुनी, हेही कळत नाही.

आम्हांस मोल वाटते ते या नोंदीचे. बिघडलेले पिंप गटारात ओतून गप्प बसणे सोपे होते. ज्यांनी ते तपासले, त्यांच्यामुळे ज्ञान वाढले. आमच्या घरांतही विरजण आणि आंबील यांचे ज्ञान पिढ्यानपिढ्या हातांतून हातांत आले. हात गेले की तेही जाते. आजीचे दही कसे लागे, हे आपण कौतुकाने सांगतो. ते ज्या दिवशी लागले नाही, त्या दिवशी तिने काय ताडले व काय बदलले, हे मात्र कोणत्याच वहीत सापडत नाही.