तापीचा पूर आणि दैवाची सबब

आषाढ शुद्ध सप्तमीस तापीमातेचा जन्मोत्सव मुलताईस होतो, तसा सुरतेच्या घाटांवरही होतो. ज्या खानदेशातून ही सूर्यकन्या वाहत येते, तेथूनच सुरतेच्या दक्षिणेकडील उधना, पांडेसरा, भेस्तान या भागांत पुष्कळ मराठी कुटुंबे येऊन स्थिरावली. नदीच्या सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर पाणलोटापैकी चार पंचमांश महाराष्ट्रात आहे. पाऊस पडतो वऱ्हाड-खानदेशात; पूर येतो सुरतेस.

१९६८ च्या ऑगस्टात दर सेकंदास सुमारे १५ लाख घनफूट पाणी आले. १९७२ मध्ये उकाईचे धरण पुरे झाले व सुरत निर्धास्त झाली. परंतु त्या धरणाने उन्हाळ्यासाठी भरलेले असावे आणि पुरासाठी रिकामे असावे, अशी दोन कर्तव्ये त्याच्यावर सोपविलेली होती. ती एकमेकांशी भांडतात. ऑगस्ट २००६ मध्ये जलाशयात आधीच पुष्कळ पाणी होते. वरून लोंढा आला, सेकंदास ९ लाख घनफुटांवर पाणी सोडावे लागले आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला.

अशा वेळी दैवाकडे बोट दाखविण्याची मुभा कायद्यानेही दिली होती. १८७६ च्या निकोल्स विरुद्ध मार्सलँड या खटल्यात अतिवृष्टीने शोभेची तळी फुटून पूल वाहून गेले. इंग्रज न्यायाधीशांनी ती दैवी आपत्ती ठरविली. १९१७ मध्ये ग्रीनॉकच्या खटल्यात मात्र लॉर्डांनी असाधारण पावसाची ही सबब मानली नाही. आम्हांस हाच निर्णय ग्राह्य वाटतो. अरबी समुद्र तापत आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे. जे मोजले गेले ते अकल्पित कसे म्हणावे?

तेव्हा श्रावणात धरण अधिक रिकामे ठेवणे भाग आहे, आणि त्यासाठी साठ्यावरील मागणी उतरली पाहिजे. भेस्तानच्या शेजारी बमरोलीस २०१४ पासून नगरीचे सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या रंगाई-छपाईच्या कारखान्यांना दिले जाते. केंद्राची योजिलेली क्षमता दिवसाला ४ कोटी लिटर होती. उकाईच्या ७०० कोटी घनमीटरांहून मोठ्या साठ्यापुढे हे आचमनच! खरा प्रश्न कालव्यांवरील ऊस-भाताचा आहे. धरण रिकामे राखले आणि भाद्रपद कोरडा गेला, तर ज्या शेतकऱ्याचे पाणी तुटेल त्याच्या भरपाईची तरतूद जलाशयाच्या नियमांतच आधी लिहिलेली असावी, असे आमचे मत आहे.