घोट्यावरचा पट्टा : पायातलं रक्त ओळखण्याची गोष्ट

पारोळा म्हटलं की आपल्याला आधी भुईकोट किल्ला आठवतो. आज मात्र आपण किल्ला सोडून पायांबद्दल बोलणार आहोत. चैत्र लागला की आपल्या खानदेशातून माणसं पायी सप्तशृंगी गडाकडे निघतात. काही जण नवस म्हणून अनवाणी, तापलेल्या डांबरावरून. त्यांत मधुमेहाचे रुग्णही असतात. अशा माणसाच्या पायात रक्त पुरेसं पोचतंय की नाही, हे ओळखायचं कसं? प्रश्न साधा वाटतो. पण वैद्यकाला त्यासाठी शंभर-सव्वाशे वर्षं लागली, आणि मधुमेहानं प्रत्येक उत्तराला चकवा दिला.

सुरुवात माणसापासून नाही, घोड्यापासून होते. 1831 साली बुले या फ्रेंच पशुवैद्यानं गाडी ओढणारा एक घोडा पाहिला. थोडं चाललं की तो लंगडायचा, थांबला की बरा व्हायचा. मागच्या पायांच्या धमन्या तुंबल्या होत्या. 1858 मध्ये शार्को या फ्रेंच डॉक्टरनं हेच लक्षण माणसात ओळखलं. चालताना पोटरीत गोळे येणं, उभं राहिलं की उतरणं. स्नायू काम करू लागला की त्याला रक्त जास्त लागतं. वाट अरुंद असेल तर ते मिळत नाही आणि पोटरी ओरडते. म्हणजे निदानाचा पहिला साक्षीदार होता, वेदना.

मधुमेहानं पहिला घाव या साक्षीदारावरच घातला. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. मग पोटरी ओरडत नाही, काटा रुतला तरी कळत नाही. पायाची संवेदना गेली की काय होतं, हे पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना दाखवून दिलं. बोटं रोगानं आपोआप झडत नाहीत. न दुखणाऱ्या जखमांवर माणूस चालत राहतो, म्हणून जातात. पुढे अमेरिकेत हीच समज मधुमेहींच्या पायांसाठी वापरली गेली.

वेदना बोलत नाही, तर रक्ताचा दाब मोजू या, असा विचार पुढे आला. 1896 मध्ये इटलीच्या रिवा-रोची यांनी दंडाला बांधायचा पट्टा आणला. 1905 मध्ये रशियाच्या कोरोत्कोव यांनी स्टेथोस्कोपनं दाब ऐकायची रीत सांगितली. 1950 मध्ये विन्सर यांनी दंडाचा आणि घोट्याचा दाब एकमेकांशी ताडून पाहिला. डॉपलर यांनी 1842 मध्ये आकाशातल्या ताऱ्यांच्या रंगांसाठी मांडलेलं तत्त्व विसाव्या शतकाच्या मध्याला रक्ताचा प्रवाह ऐकायला कामी आलं. 1969 मध्ये लंडनला याओ आणि सहकाऱ्यांनी घोट्याच्या दाबाचं हे गणित पक्कं केलं.

हिशेब सोपा आहे. दंडाचा वरचा दाब 140, घोट्याचा 84. भागाकार 0.60. निरोगी माणसात तो साधारण 1 किंवा थोडा वर असतो. 0.90 किंवा कमी आला तर धमनी अरुंद आहे असं समजायचं.

इथे दुसरा चकवा बसला. 1903 मध्ये म्योन्केबर्ग यांनी धमनीच्या मधल्या थरात चुना साचतो, असं वर्णन केलं होतं. मधुमेहात हे सर्रास होतं. अशी कडक नळी पट्ट्यानं दाबलीच जात नाही, त्यामुळे आकडा फुगतो. घोट्याला 210 आणि दंडाला 140 म्हणजे 1.50! कागदावर उत्तम, आत मात्र रक्त तोकडं. म्हणून 1.40 च्या वरचा आकडा दिसला की त्यावर विसंबायचं नाही. अंगठ्याच्या धमन्या इतक्या कडक होत नाहीत, म्हणून तिथला दाब मोजतात. तिथला भागाकार 0.70 च्या खाली असेल तर सावध व्हायचं.

तिसरा चकवा मात्र रोगानं नाही, आपल्याच विद्वानांनी दिला. 1959 च्या एका अभ्यासानंतर समजूत पसरली की मधुमेहात पायाच्या अगदी बारीक वाहिन्याच बंद होतात, तेव्हा मोठ्या धमनीवर इलाज करून उपयोग नाही. या समजुतीपायी जे पाय वाचू शकले असते, तेही कापले गेले. 1984 मध्ये लोगेर्फो आणि कॉफमन यांनी ती खोडून काढली. अडथळा बहुतेकदा गुडघ्याखालच्या मोठ्या धमन्यांत असतो, आणि तिथून वाट काढता येते.

मग या इतिहासातून आपण काय घ्यायचं? एकच साक्षीदार पुरेसा नसतो. दुखत नाही म्हणजे रक्त आहे, असं नाही. आकडा छान आला म्हणजे रक्त आहे, असंही नाही. त्वचेचा रंग, थंड बोटं, न भरणारी जखम, पावलावरची आणि घोट्यामागची नाडी, घोट्याचा दाब, अंगठ्याचा दाब, हे सगळं एकत्र पाहावं लागतं. बधिर पायानं गडावर अनवाणी तर जाऊच नये. आणि यातलं पहिलं पाऊल कुठल्याही यंत्राआधीचं आहे, गावातल्या कुठल्याही दवाखान्यात जमणारं : मधुमेहाच्या रुग्णाला चपला, मोजे काढायला सांगणं, आणि त्याचे पाय हातात घेऊन बघणं.