गोदामातील पायपीट आणि माल काढण्याची पद्धत

गोदाम म्हणजे माल साठविण्याची जागा, ही समजूत आता अपुरी ठरली आहे. साठविलेल्या मालातून ग्राहकाने मागितलेली नेमकी वस्तू, नेमक्या संख्येत आणि ठरलेल्या वेळेत बाहेर काढणे, हे आजच्या गोदामाचे मुख्य काम होय. व्यवसायात त्याला ‘पिकिंग’ म्हणतात. हे काम जेथे माणसांच्या हातून होते, तेथे गोदामाच्या चालू खर्चापैकी निम्म्याहून अधिक भाग त्यावरच पडतो, असे या विषयावरील पाठ्यपुस्तके सांगतात. माल काढणाऱ्या कामगाराचा सुमारे निम्मा वेळ एका कप्प्यापासून दुसऱ्या कप्प्यापर्यंत चालण्यात जातो. त्यामुळे पद्धत निवडताना पहिला प्रश्न यंत्रांचा नसून पायपिटीचा असतो.

भिवंडी परिसरात हा बदल ठळकपणे दिसतो. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर, पण शहराच्या जवळ असल्याने काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली या गावांत गोदामांची मोठी वसाहत उभी राहिली. तेथून प्रामुख्याने बंद खोकी वितरकांकडे रवाना होत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. जकात गेली आणि केंद्रीय विक्रीकर टाळण्यासाठी राज्याराज्यांत स्वतंत्र गोदाम ठेवण्याचे कारणही उरले नाही. अनेक लहान गोदामांऐवजी थोडी, पण मोठी गोदामे उभारण्याकडे कल वाढला. दुसरीकडे ऑनलाइन खरेदीमुळे एक साबण, दोन वह्या अशा सुट्या नगांच्या ऑर्डर येऊ लागल्या. बंद खोक्यांसाठी योग्य असलेली रीत सुट्या नगांना तशीच लावली, तर अंतर वाढते आणि चुकाही.

चार पद्धती

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे एका कामगाराने एका वेळी एकच ऑर्डर पूर्ण करणे. ती शिकवायला सोपी असते आणि चूक कोठे झाली हे लगेच कळते. मात्र प्रत्येक ऑर्डरसाठी नवी फेरी मारावी लागते.

दुसरी पद्धत अनेक ऑर्डर एकत्र काढण्याची, म्हणजे ‘बॅच’ची. समजा, २० ऑर्डर आहेत आणि प्रत्येकीसाठी १५० मीटर चालावे लागते. एकेक ऑर्डर काढल्यास ३ किलोमीटर होतात. पाच-पाच ऑर्डर एकत्र केल्या आणि प्रत्येक फेरी ३०० मीटरची झाली, तर चार फेऱ्यांत, १,२०० मीटरमध्ये काम उरकते. पण वाचलेले १,८०० मीटर फुकट मिळत नाहीत. एकत्र आणलेला माल ऑर्डरप्रमाणे वेगळा करावा लागतो. ट्रॉलीवरच वेगवेगळे डबे ठेवून किंवा नंतर टेबलावर. चालण्याचे श्रम कमी झाले, की वर्गवारीचे वाढतात. पद्धतींची तुलना करताना हा व्यवहार विसरता येत नाही.

तिसऱ्या पद्धतीत गोदामाचे विभाग, म्हणजे ‘झोन’ पाडतात. प्रत्येक कामगार आपल्याच विभागात राहतो आणि डबा पुढच्या विभागाकडे सरकतो. कामगाराला आपले कप्पे पाठ होतात. मात्र एका विभागावर भार पडला, तर बाकीचे हात बांधून बसतात.

चौथी, ‘वेव्ह’ची पद्धत वेळेशी निगडित आहे. दुपारी चारच्या ट्रकने जाणाऱ्या सर्व ऑर्डर एकाच वेळी कामाला सोडायच्या, असे तिचे स्वरूप. आधीच्या पद्धतींच्या जोडीने ती वापरता येते. परंतु ट्रक भरण्याच्या तोंडावर आलेल्या ऑर्डरला पुढच्या फेरीपर्यंत थांबावे लागते.

निवड कशी करावी?

उत्तर ऑर्डरच्या नोंदींत दडलेले असते. एका ऑर्डरमध्ये सरासरी किती वेगवेगळ्या वस्तू असतात, दिवसाला किती ऑर्डर येतात, त्या दिवसभर येतात की एकदम, हे आधी पाहावे. थोड्या, पण मोठ्या ऑर्डर असतील, तर एकेक काढणेच बरे. एकाच वस्तूच्या असंख्य ऑर्डर असतील, तर बॅच उत्तम. कारण तोच नग कोणत्याही ऑर्डरला चालतो आणि वर्गवारी जवळजवळ संपते. हजारो वस्तू आणि पुष्कळ कामगार असलेल्या मोठ्या गोदामात विभाग पाडणे सोयीचे.

चुकीची किंमतही हिशेबात धरावी लागते. साबणाचा वास बदलला, तर ग्राहक कुरकुर करील. औषधाच्या ५ मिलिग्रॅमऐवजी १० मिलिग्रॅमच्या गोळ्या गेल्या, तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. सारख्या दिसणाऱ्या वस्तू शेजारी न ठेवणे, उचलताना बारकोड तपासणे आणि बांधणीच्या टेबलावर पुन्हा पडताळणी करणे, हा खर्च अशा ठिकाणी टाळण्याजोगा नसतो.

पद्धत बदलण्यापूर्वी मांडणी सुधारणे अनेकदा स्वस्त पडते. जास्त खपणारा माल बांधणीच्या टेबलाजवळ आणि कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीवर ठेवला, तर चालणे, वाकणे, शिडी चढणे कमी होते. असा सगळा माल एकाच गल्लीत कोंबला, तर मात्र ट्रॉल्या अडकतात.

यंत्रांनी या गणिताची दिशाच उलटी केली. २००३ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील किवा सिस्टिम्सने कप्पेच उचलून माणसाकडे आणणारे यंत्रमानव तयार केले; २०१२ मध्ये ॲमेझॉनने ही कंपनी ७७.५ कोटी डॉलरना विकत घेतली. येथे चालणे जवळजवळ संपते. मात्र कामगाराला एकाच जागी उभे राहून तीच हालचाल दिवसभर करावी लागते, आणि गुंतविलेला पैसा ऑर्डरची संख्या बाराही महिने टिकली तरच वसूल होतो. केवळ दिवाळीच्या गर्दीसाठी अशी गुंतवणूक परवडत नाही.

कामगाराची गती केवळ तासाला किती नग काढले यावर मोजणेही अन्यायाचे ठरते. दूरच्या किंवा जड मालाच्या विभागातील माणूस कागदावर मंद दिसतो. निदान पंधरा दिवस चाललेले अंतर, झालेल्या चुका आणि चुकलेल्या वेळा यांची नोंद ठेवावी, नवी पद्धत एका विभागात चालवून पाहावी आणि मगच ती सर्वत्र लागू करावी. ऑर्डरचे स्वरूप बदलले, की हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.