प्रभातच्या पडद्यावरचा शेजार

1940 साली ‘संत ज्ञानेश्वर’ पडद्यावर आला, तेव्हा माउलींच्या भूमिकेत होते शाहू मोडक. अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती घराण्यातला हा तरुण नट. दिग्दर्शक दोघं: विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. आळंदीच्या समाधीपुढे पिढ्यान्‌पिढ्या माथा टेकवत आलेल्या महाराष्ट्रानं आपल्या ज्ञानोबाचं हे रूप भक्तिभावानं पाहिलं.

दामले आणि फत्तेलाल यांची जोडी कोल्हापुरात, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत जमली. 1 जून 1929 रोजी व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. 1933 मध्ये कंपनी पुण्याला आली. स्टुडिओत फत्तेलालांना सगळे ‘साहेबमामा’ म्हणत. पडद्यावरचं देहू आणि आळंदी ज्या नजरेनं उभं राहिलं, ती नजर मुख्यतः या साहेबमामांची. कलादिग्दर्शन हा त्यांचा प्रांत होता.

प्रभातच्या संतपटांची सुरुवात मात्र शांतारामांनी केली. 1935 मध्ये त्यांनी एकनाथांवर चित्रपट केला आणि नाव ठेवलं ‘महात्मा’. ते नाव उच्चारलं की गांधीजीच डोळ्यांसमोर यायचे, त्यामुळे सेन्सॉरनं हरकत घेतली आणि ‘महात्मा’चा ‘धर्मात्मा’ झाला. बालगंधर्वांनी एकनाथ रंगवले. अस्पृश्याच्या घरी पान मांडून जेवणारा पैठणचा ब्राह्मण या चित्रपटात दिसतो. ते वर्ष लक्षात घ्यायला हवं. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 पासून चालला होता, तरी दरवाजे उघडले नव्हते. ‘धर्मात्मा’च्याच वर्षी, ऑक्टोबरात, येवल्यात डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचं जाहीर केलं. त्या संतप्त, न्याय्य घोषणेपुढे नाथांची पडद्यावरची करुणा अपुरीच वाटते. तरीही सोळाव्या शतकातल्या जेवणावळीचा प्रश्न विसाव्या शतकात सुटलेला नाही, हे चित्रपटगृहात बसलेल्या सवर्ण प्रेक्षकाला या चित्रपटानं तोंडावर सांगितलं.

पण प्रभातचा सगळ्यात मोठा चित्रपट त्याच्या पुढच्या वर्षी आला. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’.

मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो सलग 57 आठवडे चालला. 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा खास गौरव झाला. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले आणि असे झाले की, पुढे तुकोबांचं नाव घेताच अनेकांच्या डोळ्यांपुढे पागनीसांचाच चेहरा येऊ लागला. शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलेलं एक पद जाणकारांनाही थेट गाथेतलं वाटलं.

या चित्रपटाचं खरं काळीज मात्र आवलीत आहे. गौरीबाईंनी साकारलेली ही तुकोबांची बायको म्हशीचं शेण काढते, पोरांच्या तोंडी घास पडेल का याची काळजी वाहते आणि दारात आलेलं धान्य नवऱ्यानं वाटून टाकलं की तोंडाचा पट्टा सोडते. मूल आजारी पडतं, तेव्हा ती त्याला ओढत देवळात नेते आणि पायातली वहाण काढून थेट पांडुरंगावर उगारते. भक्तिपटात देवावर वहाण उगारणारी बाई! तरीही प्रेक्षकाला ती नास्तिक वाटत नाही, की पापीही वाटत नाही. तिचा देवाशी भांडणाचा हक्क दिग्दर्शकांनी मान्य केला आहे. तुकोबांची विरक्ती जितकी खरी, तितकीच आवलीची भूकही खरी, असं तोलून धरणारा दुसरा संतपट आपल्याकडे सहज सापडणार नाही. चमत्कार इथेही आहेत, पुष्पक विमानही आहे. मात्र विमान आभाळात निघून गेल्यावर मन रेंगाळतं ते मागे राहिलेल्या आवलीपाशी.

1941 मध्ये शांतारामांनी ‘शेजारी’ केला. त्याच्या आदल्याच वर्षी मुस्लिम लीगनं लाहोरला वेगळ्या राज्यांचा ठराव केला होता. विश्राम बेडेकरांची कथा एका गावातल्या दोन म्हाताऱ्यांची आहे. जिवबा पाटील आणि मिर्झा. दोघांचा बुद्धिबळाचा डाव वर्षानुवर्षं रंगत आलेला. धरणाच्या लोभापायी एक उपरा मनुष्य त्यांच्यात कलह पेटवतो, दोस्ती तुटते, आणि शेवटी धरण फुटतं तेव्हा दोघं हातात हात धरून जलप्रलयात जातात.

मराठीत जिवबा झाले केशवराव दाते आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार. याच चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीत, ‘पडोसी’त, मात्र हिंदू ठाकूर रंगवला मझहर खान यांनी, आणि मुसलमान मिर्झा पुन्हा जागीरदारांनीच. हिंदूनं मुसलमान व्हायचं, मुसलमानानं हिंदू! ही अदलाबदल चित्रपटातल्या कुठल्याही संवादापेक्षा अधिक बोलते. धरणफुटीचा शेवट भव्य असला तरी काहीसा ताणलेला वाटतो. मनात घर करतं ते पटावर वाकलेल्या दोन म्हाताऱ्यांचं साधं दृश्य.

हिंदू-मुसलमानांचा हा शेजार प्रभातनं हवेतून आणला नव्हता. एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला, त्यात दोघं आधी कडकडून भांडतात आणि अखेरीस एकमेकांना मान देतात. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत ‘योगसंग्राम’ रचला आणि वारकऱ्यांनी त्यांना संत मानलं. साहेबमामा फत्तेलाल देहूचं घर पडद्यावर उभं करत होते, तेव्हा ते याच वाटेवरून चालत होते.

1953 मध्ये प्रभात बंद पडली. पुण्यात जिथे तिचा स्टुडिओ होता, त्या आवारात 1960 पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. ‘संत तुकाराम’ आणि ‘शेजारी’ दोन्ही आजही पाहायला मिळतात. घरातल्या मुलांना शेजारी बसवून ते एकदा पाहावेत, आणि श्रेयनामावलीत फत्तेलाल हे नाव आलं की ते कोण होते, हेही सांगावं.