तालीम, व्यायामशाळा, जिम : नवख्याने काय निवडावे?

शरीर कमावण्याच्या जागेला मराठीने आजवर निदान चार नावे दिली: आखाडा, तालीम, व्यायामशाळा आणि जिम. यांतील शेवटच्या नावाबरोबर जे क्रियापद आले, त्याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. आपण जिम 'लावतो'. खानावळ लावतो, वर्तमानपत्र लावतो, क्लास लावतो, तशीच जिम. महिन्याचे पैसे भरून जी सेवा मिळते, तिच्यासाठी हे क्रियापद आहे. तालीम मात्र कोणी लावत नसे. माणूस तालमीत जाई आणि कोणाच्या तरी तालमीत 'तयार' होई. शिरूर किंवा दौंडमधला एखादा तरुण वा तरुणी 'कोणती जिम लावावी?' असे विचारते, तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला या दोन क्रियापदांमधल्या अंतरात दिसते.

'तालीम' हा शब्द अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ शिक्षण. नाटकाची तालीम आणि कुस्तीची तालीम हे एकाच शब्दाचे दोन संसार आहेत. आखाडा म्हटले की जागा डोळ्यांसमोर येते; तालीम म्हटले की शिकवण्याची क्रिया. म्हणून तालीम ओळखली जाई ती मुख्यतः वस्तादावरून. 'वस्ताद' हा 'उस्ताद'चाच मराठी अवतार. पुढे आपण त्याला बेरकी माणसाचा अर्थ चिकटवला, ही गोष्ट निराळी. एकोणिसाव्या शतकातील पुण्यात लहुजी साळवे यांच्याकडे जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. लहुजी मातंग समाजातले, म्हणजे ज्यांचा स्पर्शही त्या काळी निषिद्ध मानला जाई अशांपैकी. विद्या ज्याच्याजवळ आहे त्याच्याकडे जावे, हा विवेक या निवडीत स्वच्छ दिसतो.

तालमीत नवख्याला पहिल्याच दिवशी कोणी डाव शिकवीत नसे. हौद्यातली लाल माती खणणे, जोर-बैठका काढणे आणि थोरांची कुस्ती कडेला बसून पाहणे, हा त्याचा आरंभीचा अभ्यासक्रम. माती खणताना खांदे, पाठ आणि पकड आपसूक तयार होत. वजन वाढवण्यापूर्वी सांधे तयार करावेत, हे तत्त्व तिथे पुस्तकाविना पाळले जात होते.

तथापि तालमीचे गुणगान करताना तिचा उंबरठा विसरून चालणार नाही. तो बायकांसाठी नव्हता. 'महाराष्ट्र केसरी' हा किताब १९६१ पासून दिला जाऊ लागला. महिलांसाठीची ती स्पर्धा भरायला २०२३ साल उजाडावे लागले. सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली.

विसाव्या शतकात 'व्यायामशाळा' हा संस्कृत वळणाचा शब्द रूढ झाला, तो राष्ट्रीय जागृतीच्या हवेत. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ पासून 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड सिद्ध केले. वस्तादाच्या मुखातली विद्या अशा रीतीने संस्थेत आणि ग्रंथात उतरली. त्याच सुमारास दुसराही एक प्रवाह आला. युजेन सँडो हा जगप्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू १९०५ च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन प्रयोग करून गेला. आपल्या भाषेत त्याचे नाव उरले ते बनियनवर! शरीर हे दाखवण्याची वस्तू होऊ शकते, ही कल्पना त्याच्या मागोमाग रुजली. आजच्या जिममधील भिंतभर आरसे हे तिचेच वारस होत.

आता शिरूर-दौंडकडे वळू. या दोन्ही गावांना 'कवायत' या आणखी एका अरबी शब्दाचा शेजार लाभलेला आहे. त्याचा मूळ अर्थ नियम. घोडनदीकाठच्या शिरूरला इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कोरेगावकडे निघालेली पलटण याच छावणीतली. भीमेकाठच्या दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक ५ आणि ७ आहेत. भरतीचे स्वप्न पाहणाऱ्या मुलांना हे गाव म्हणूनच परके नाही. या दलाच्या शारीरिक चाचणीत पाच किलोमीटर धावणे, शंभर मीटर धावणे आणि गोळाफेक असते. अशा मुलाने केवळ दंड फुगवणारी जिम वर्षभरासाठी लावली, तर पैसा जाईल आणि पाच किलोमीटरचे अंतर तेवढेच राहील. त्याला आधी मैदान हवे, मग जिम. रांजणगावच्या कारखान्यात पाळ्या करणाऱ्या कामगाराची गरज निराळी: त्याची पाळी बदलली तरी उघडी सापडेल आणि वाटेवर असेल, अशी जागा.

तेव्हा नवख्याने यंत्रे मोजण्याआधी माणूस पाहावा. शिकवणारा कोण, तो कोणाकडे शिकला, पहिल्या दिवशी जुने दुखणे, रक्तदाब, शस्त्रक्रिया यांची चौकशी करतो का, हे पाहावे. पहिला महिना हलक्या वजनावर ढब बसवून घेतो, की दुसऱ्याच दिवशी पावडरीचा डबा पुढे करतो? आपण ज्या वेळी जाणार त्याच वेळी जाऊन तासभर बसावे. गर्दीत नवख्याकडे कोण पाहते ते तिथेच कळते. मुलींनी त्या वेळी तिथे इतर स्त्रिया येतात का, हेही पाहावे. वर्षाची सवलत कितीही मोहक असली तरी आरंभी एकच महिना भरावा.

तालमीत शिक्षण होते, पण दार अर्धे बंद होते. जिमचे दार पैसे भरणाऱ्या सर्वांना उघडे आहे. शिक्षण मात्र शोधावे लागते. ज्या जिममध्ये ते सापडेल ती लहान असो, पत्र्याच्या छपराची असो, तिला आम्ही तालीमच म्हणू.