काचेला थांबायला शिकवताना

कारच्या दारातलं बटण दाबलं की काच वर जाते. यात काच वर नेणं हे खरं अवघड काम नाही. अवघड आहे ते तिला वेळेवर थांबवणं. पॉवर विंडोचा ऐंशीहून जास्त वर्षांचा इतिहास मला तरी असाच दिसतो: ताकद लवकर आली, थांबणं खूप उशिरा आलं.

सुरुवात अमेरिकेत झाली. पॅकार्ड कंपनीने १९४० साली आपल्या महागड्या १८० मालिकेत पॉवर विंडो आणल्या. त्या हायड्रॉलिक होत्या. वीज फक्त पंप चालवायची, काच ढकलायचा तो दाबाखालचा द्रव. म्हणजे प्रत्येक दारापर्यंत नळी आली, आणि नळी म्हटली की गळती आलीच. १९५१मध्ये क्रायस्लरने इम्पीरिअल गाडीत थेट विजेच्या मोटरवर चालणारी काच आणली. आज आपल्या दारात जे आहे, ते याच घराण्यातलं.

रचना साधी आहे. एक छोटी डीसी मोटर. विजेची दिशा उलटली की तीही उलटी फिरते. तिच्यापुढे वर्म गिअर. मोटर गिअरला फिरवू शकते, पण काच खाली दाबून मोटर फिरवता येत नाही. म्हणून बाहेरून जोर लावला तरी काच सहसा उतरत नाही. त्यापुढे काच उचलणारा रेग्युलेटर, कात्रीसारखा किंवा केबलचा.

मागच्या पावसाळ्यात मामाच्या वीसेक वर्षं जुन्या गाडीची मागची काच अर्ध्यावर अडकली. सॉफ्टवेअरमधला बग शोधतात तसं एकेक थर तपासत गेलो. बाकीच्या काचा चालत होत्या, म्हणजे मुख्य फ्यूज ठीक. दाराचं आतलं पॅनल काढलं, मोटरच्या कनेक्टरला मल्टिमीटर लावला. बटण दाबल्यावर १२ व्होल्टच्या आसपास, उलटं दाबल्यावर तेवढेच, पण उणे. स्विच आणि वायरिंगही ठीक. मोटर जरा घुमायची आणि गप्प व्हायची. दोष पुढेच होता: रबरी चॅनल कडक झालेलं, आणि काच धरणारा प्लॅस्टिकचा तुकडा तडकल्याने काच तिरकी होऊन रुतलेली. काच टेपने दाराच्या चौकटीला घट्ट बांधली, कारण आधार काढला की ती आत कोसळते. मग रेग्युलेटर बदलला, चॅनल साफ करून सिलिकॉन स्प्रे मारला.

काच झरझर वर गेली. मामा खूश. मी मात्र त्या बटणाकडे बघत होतो, कारण मागच्या सीटवर माझी पाच वर्षांची भाची बसते.

ते बटण सी-सॉसारखं: एक टोक दाबलं की काच खाली, दुसरं दाबलं की वर. खिडकीबाहेर डोकावणाऱ्या मुलाचा गुडघा नेमका 'वर'वर पडू शकतो. अमेरिकेत अशा अपघातांत मुलं दगावली आहेत. तिथला पहिला नियम १९७१पासून लागू झाला. त्याचा गाभा असा की एरवी चावी चालू असल्याशिवाय काच बंद होऊ नये. गुडघ्याचा विचार व्हायला २००४ उजाडलं. तेव्हा चाचणी ठरली: २० मिलिमीटर त्रिज्येचा गोळा बटणावर दाबला तरी काच वर जाता कामा नये. २००५मध्ये कायद्याने आणखी स्पष्ट केलं की काच बंद करायला बटण वर ओढावंच लागलं पाहिजे. गुडघा दाबू शकतो, ओढू शकत नाही.

दुसरा उपाय म्हणजे अडथळा लागताच मागे फिरणारी काच. अमेरिकी मानकात अशा काचेने १०० न्यूटनचा जोर लावण्याआधीच उलटं फिरायचं असतं. म्हणजे साधारण दहा किलोच्या वजनाइतका. त्यासाठी मोटरचा वेग किंवा करंट सतत मोजावा लागतो. मामाच्या गाडीत असं काही नाही. तिथे मोटर तापली की एक संरक्षक प्रवाह तोडतो, पण तो मोटर वाचवतो, बोट नाही.

म्हणून जुन्या गाडीची काच दुरुस्त केली, की दोन गोष्टी बघा. मागचं बटण दाबायचं आहे की ओढायचं? आणि ड्रायव्हरच्या दारातलं लॉक बटण चालतं का? मागे मूल असेल, तर निघण्याआधी ते लॉक लावा, आणि काच वर नेताना एकदा मान वळवून मागे बघा.